पाऊण टनाचा घोडा

अमेरिकेला जाताना विमानात प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येत होत्या. २०१७च्या मे महिन्यात मी मुलीकडे निघाले, तेव्हा आठवडाभर घरात काट्याचाच खेळ चालला होता. गोडा मसाला आत, पुस्तक बाहेर. भाजणी आत, स्वेटर बाहेर. शेवटी बॅग बावीस किलो आठशे ग्रॅम भरली आणि मी गड जिंकल्यासारखी खुर्चीत बसले. हे सांगायचं कारण असं, की एवढ्या काटेकोर घरातली माणसं दोन महिन्यांनी पावणेतीनशे किलो जादा वजन घेऊन रस्त्याला लागली आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मुलगी-जावई ओरेगॉन राज्यात राहतात. जावयांना भटकंतीची फार हौस. त्यांच्याकडे पिकअप होती, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. त्या हौद्यात बसवायचा एक जुना कॅम्पर त्यांनी विकत घेतला. कॅम्पर म्हणजे छोटी खोलीच. आत पलंग, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी. तिला चार कोपऱ्यांना चार पाय असतात. ते जॅकने खाली सोडले की खोली आपल्या पायांवर उभी राहते आणि खालून गाडी काढून घेता येते. मला तर हा प्रकार बघूनच गंमत वाटली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "तुमच्या गाडीवर आरामात जाईल." माहितीपत्रकात कॅम्परचं वजन होतं ५९० किलो. गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर भार होता ७७१ किलो. म्हणजे १८१ किलो शिल्लक. हिशेब बरोबर होता, पण अपुरा होता.

निघाल्यावर तासाभरातच जावई म्हणाले, "स्टिअरिंग हलकं लागतंय." पुढे एका ट्रकथांब्यावर डिझेल भरणाऱ्या एका वयस्कर ट्रकचालकाने आमच्या मागच्या टायरांकडे पाहिलं आणि काही न बोलता समोरच्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. काट्यावरून चिठ्ठी आली. पुढच्या आसावर किती, मागच्या आसावर किती, एकूण किती. मग आम्ही तिथेच वहीवर मांडलं. कॅम्पर ५९०. आम्ही चौघं, म्हणजे मुलगी, जावई, नातू आणि मी, मिळून २२५. टाकीतलं पाणी ७६. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ३५. कपडे, खाणंपिणं, खुर्च्या, भांडी १२०. बेरीज १०४६. भार ७७१. जादा २७५.

त्या बेरजेत माझे ५८ किलो होते. आयुष्यात प्रथमच मी स्वतःकडे सामान म्हणून पाहिलं. जावई गप्प झाले होते. मागच्या सीटवर नातू झोपला होता, आणि पुढे घाट होता.

आम्ही टाकीतलं पाणी सोडून दिलं आणि हळूहळू परत फिरलो. पण मी पडले इतिहासाची शिक्षिका. गाडीच्या दाराजवळ ती पट्टी का असते, ती कुणी लावायला लावली, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. त्यातून जे हाती लागलं ते असं.

कॅम्परवाल्या पिकअपला जगभर प्रसिद्धी दिली ती जॉन स्टाइनबेक या कादंबरीकाराने. १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो चार्ली नावाचा पूडल कुत्रा घेऊन अमेरिका पाहायला निघाला. त्याची गाडी होती जीएमसी कंपनीची पाऊण टनी पिकअप आणि तिच्या हौद्यात बोटीच्या केबिनसारखी खोली. डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्यावरून त्याने गाडीचं नाव ठेवलं रोसिनांते. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे त्याचं पुस्तक १९६२ साली आलं, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. त्या पुस्तकातल्या बऱ्याच गोष्टी त्याने कादंबरीकाराच्या हाताने रचल्या, असं पुढे लोकांनी दाखवून दिलं. पण गाडी खरी आहे. कॅलिफोर्नियात सलिनासच्या स्टाइनबेक केंद्रात ती आजही ठेवलेली आहे.

तर या गृहस्थानेही आमच्यासारखंच केलं होतं. हत्यारं, अवजारं, खाण्याचे डबे, आणि वर दीडशे पौंड पुस्तकं, तीही कधी वाचून न होणारी! ओरेगॉनमध्ये भर पावसात त्याचा मागचा टायर फुटला. एका पेट्रोल पंपावरच्या माणसाने खटपट करून त्याला जाडजूड टायर मिळवून दिले, म्हणून पुढचा प्रवास झाला.

'पाऊण टनी' या शब्दाचाही घोटाळा आहे. अर्धा टन, पाऊण टन, एक टन ही नावं मुळात गाडी किती ओझं नेईल त्यावरून पडली. अमेरिकन टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे पाऊण टन सुमारे ६८० किलो. पुढे गाड्या बदलल्या, भार वाढला, नावं तीच राहिली. आमच्या जावयांची गाडी 'अर्ध्या टनाची', म्हणजे नावाने ४५४ किलोची, आणि पट्टीवर ७७१! नावावर विसंबावं तर नाव खोटं, आणि विकणाऱ्यावर विसंबावं तर त्याला विकायचं असतं.

मग खरं कुणी सांगायचं? १९६५ साली राल्फ नाडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक गाजलं. १९६६च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. त्या कायद्याखाली जे क्रमांकवार नियम निघाले, त्यात १२६वा नियम खास पिकअपवरच्या कॅम्परसाठी होता. तो १९७३ साली लागू झाला.

हा नियम मी दोनदा वाचला, कारण तो लिहिणाऱ्याला माणसांची सवय नीट ठाऊक होती. कॅम्पर बनवणाऱ्याने मागच्या बाहेरच्या बाजूला, काही न उघडता वाचता येईल अशी पट्टी लावायची, आणि वजन सांगायचं ते रिकाम्या कॅम्परचं नाही. पाण्याची टाकी भरलेली, गॅस भरलेला, असं धरून सांगायचं. गाडी बनवणाऱ्याने भार सांगायचा तो प्रत्येक सीटमागे ६८ किलोचं माणूस आधी वजा करून. ६८ किलो म्हणजे दीडशे पौंड. म्हणजे स्टाइनबेकच्या पुस्तकांएवढेच! कायद्याच्या हिशेबाने त्याच्या गाडीत चार्लीखेरीज आणखी एक माणूस बसलं होतं, पुस्तकांचं.

शिवाय कॅम्परचा गुरुत्वमध्य कुठे पडावा, हेही चित्र काढून दाखवायचं. हे कोणत्याही गाडीवानाला पटकन कळेल. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. इथे पुढे बैल नसतात, पुढची चाकं असतात. मध्य मागच्या आसाच्या मागे गेला की पुढची चाकं रस्त्यावर हलकी होतात आणि स्टिअरिंगला नीट दाद देत नाहीत. जावयांना लागलेलं 'हलकं' स्टिअरिंग ते हेच.

पुष्कळ लोक यावर उपाय म्हणून मागे जादा पाटे बसवतात. गाडी वाकलेली दिसत नाही, मनाला बरं वाटतं. पण आस तोच, ब्रेक तेच, टायरही तेच. पाटे वाढवले म्हणून पट्टीवरचा आकडा वाढत नाही. आपल्याकडचे ट्रकवाले ज्याला 'पासिंग' म्हणतात, ते तेवढंच राहतं.

पुढे टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे २००० साली अमेरिकेत आणखी एक कायदा आला, आणि त्यानंतर हलक्या गाड्यांच्या दाराजवळच्या पट्टीवर साध्या भाषेत वाक्य आलं: माणसं आणि सामान मिळून अमुक किलोपेक्षा जास्त कधीही नको. आम्ही त्यातला आकडा वाचला होता, 'माणसं' हा शब्द वाचला नव्हता. १२६ हा क्रमांक आता गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या नियमाला दिला आहे. कॅम्परचा नियम ग्राहकांना द्यायच्या माहितीच्या कलमांत गेला, पण तो आहे.

घरी आल्यावर नातवाने कॅम्परच्या मागची पट्टी ओल्या फडक्याने पुसली. उन्हाने पुसट झालेला आकडा सातशेच्या वर होता. तो तिथेच होता, पहिल्या दिवसापासून.

मला वाटतं, माणूस जड वस्तूला फसत नाही. लोखंडी पेटी उचलताना तो आधी कंबर सांभाळतो. तो फसतो ज्याला ओझं म्हणायचं त्याच्या मनातच येत नाही त्याला. पिण्याचं पाणी, आवडीची पुस्तकं, आणि सोबत घेतलेली आपली माणसं. या नियमांचा सगळा इतिहास म्हणजे या न मोजलेल्या गोष्टी एकेक करून काट्यावर आणण्याचा इतिहास आहे. काट्यावर आणलं म्हणून माया कमी होत नाही, उलट तिची काळजी घेता येते.

कॅम्पर अंगणात आपल्या चार पायांवर उभा राहिला. आम्ही तंबू घेऊन गेलो आणि फार मजेत राहिलो. पुढच्या वर्षी जावयांनी तो कॅम्पर एक टनी गाडीवाल्याला विकला, घेतला त्यापेक्षा कमी किमतीत. फोनवर त्यांना मी एवढंच विचारलं, की पट्टी दाखवलीत ना?

"आई, पट्टी दाखवली," ते म्हणाले, "आणि काट्याची चिठ्ठीही दिली."