तीन टक्के, पण कशाचे?

संशोधनाचा विषय ठरला की आपण लगेच आकडे गोळा करायला धावतो. जरा थांबा. आधी विचारा, हा आकडा कोणी मोजला आणि कशावर मोजला? दिव्यांगांच्या सरकारी नोकऱ्यांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

केंद्राने १९७७ मध्ये क आणि ड गटांतल्या नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा ठेवल्या. हा फक्त प्रशासकीय आदेश होता. १९९५च्या कायद्याने (अंमल ७ फेब्रुवारी १९९६पासून) त्याचा हक्क झाला आणि महापालिका, जिल्हा परिषदाही कक्षेत आल्या. पण गोम पुढे आहे. केंद्राच्या नियमात अ आणि ब गटांसाठी हे तीन टक्के सर्व रिक्त जागांवर मोजत नव्हते. अपंगांना योग्य म्हणून सरकारनेच निवडलेल्या पदांवर मोजत होते. म्हणजे यादी आखूड ठेवली की आरक्षण आपोआप आटणार, आणि कागदावर टक्केवारी मात्र अगदी बरोबर!

८ ऑक्टोबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिशेब संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवरच करायचा. कायदा आला तेव्हा कल्याणमधला एखादा अंध तरुण वीस वर्षांचा असेल, तर निकालाच्या दिवशी तो सदतीसचा झाला होता. मधल्या काळात हुकलेल्या संधी त्याला कोण परत देणार?

मग देखरेख कोणाची होती? कायद्यात राज्य आयुक्त आहे. २०१६च्या कायद्यानुसार त्याला कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण शेवटी तो करतो ती शिफारस. संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कारवाई कळवायची, शिफारस नाकारली तर कारण द्यायचं. शिवाय आयुक्ताला नेमणारं राज्य सरकार स्वतःच मोठा मालक आहे. ‘स्वतंत्र देखरेख’ हा शब्द वापरण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

आता आपल्या भागाकडे या. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. कल्याण-डोंबिवली महापालिकेतून २००२ मध्ये २७ गावं बाहेर पडली आणि २०१५ मध्ये परत आली. हद्द बदलली की पदांची संख्याही बदलू शकते. म्हणून अलीकडची टक्केवारी २०१०च्या टक्केवारीशेजारी ठेवून ‘वाढ झाली’ असं लिहू नका. आधी दोन्ही वर्षांची मंजूर पदं, रिक्त पदं आणि बिंदुनामावली माहिती अधिकारात मागवा. आयुक्ताचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्याची तरतूद आहे, तोही शोधा. आणि हो, जुन्या फायलींत ‘दिव्यांग’ शब्द सापडणार नाही, ‘अपंग’ शोधा.

चार टक्के हे आजचं प्रमाण. ते कोणी दाखवलं की तुमचा पहिला प्रश्न तोच असू द्या: कशाचे?