जेड (वनस्पती)

जेड (शास्त्रीय नाव: क्रासुला ओव्हाटा) ही क्रासुलेसी कुळातील सदाहरित, मांसल वनस्पती आहे. पानफुटी ही याच कुळातील होय. जेडचे मूलस्थान दक्षिण आफ्रिका व मोझांबिक हे असून शोभेसाठी ती जगभर घरांत कुंडीत लावली जाते. घरातील जेड पाण्याच्या अभावापेक्षा अतिरेकाने मरण्याची शक्यता अधिक असते.

वर्णन

पाने समोरासमोर, जाड, गुळगुळीत व अंडाकृती असतात. भरपूर उन्हात त्यांच्या कडा तांबूस होतात. फुले लहान, ताऱ्यासारखी, पांढरी किंवा फिकट गुलाबी असून हिवाळ्यात येतात. भारतातील रोपवाटिकांत पोर्टुलॅकेरिया आफ्रा ही लहान पानांची, वेगळ्या कुळातील वनस्पतीही जेड याच नावाने विकली जाते.

पाण्याची साठवण

बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. जेडची मुख्यतः रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड पेशींतील रिक्तिकांमध्ये मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो व दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. त्यामुळे बाष्पोत्सर्जन कमी होते. या प्रक्रियेच्या शास्त्रीय नावात क्रासुलेसी कुळाचेच नाव आले आहे.

घरातील निगा

जेडला रोज काही तास ऊन मिळेल अशी खिडकी योग्य ठरते. कमी प्रकाशात खोड लांबट व कमकुवत होते. सावलीत वाढलेले रोप एकदम कडक उन्हात ठेवल्यास पाने करपतात. कुंडीच्या तळाशी भोक असावे व मातीत जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळावेत. माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच भरपूर पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. महाराष्ट्रात पावसाळ्यातील दमट हवेत माती उशिरा वाळते, म्हणून त्या काळात पाण्याच्या पाळ्यांतील अंतर वाढवावे लागते.

पाने सुरकुतणे हे सामान्यतः तहानेचे लक्षण असते; परंतु मुळे कुजल्यास तीही पाणी शोषू शकत नाहीत व पाने तशीच सुरकुततात. म्हणून पाणी देण्यापूर्वी माती तपासणे आवश्यक असते. ओल्या मातीतील रोपाची पाने मऊ व पिवळी पडल्यास ते कुंडीतून काढून कुजलेला भाग छाटावा, जखम वाळू द्यावी व नव्या कोरड्या मातीत ते लावावे. पिठ्या ढेकूण ही जेडवरील नेहमीची कीड होय.

अभिवृद्धी

नवीन रोप फांदीपासून किंवा पानापासून तयार करतात. कापलेला भाग काही दिवस सावलीत वाळवून मगच मातीत लावतात. पानफुटीत पानाच्या कडेवर रोपे फुटतात. जेडमध्ये ती पानाच्या देठाकडील टोकाशी येतात.

विषारीपणा

जेड कुत्रा व मांजर यांना विषारी आहे. पाने खाल्ल्यास त्यांना उलट्या होऊ शकतात. त्यामुळे पाळीव प्राणी असलेल्या घरात कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवतात.