तळटीप ३ : अपील समिती
३. अपील समिती : बुद्धिबळात पंचांच्या निर्णयावर दाद मागण्यासाठी स्पर्धेआधीच नेमलेले मंडळ. तक्रार प्रथम पंचांकडेच जाते. त्यासाठी खेळाडूला घड्याळ थांबवता येते. 'प्रतिस्पर्ध्याने सोंगटीला हात लावला, पण चालवली नाही' ही तक्रार मात्र आपण आपल्या सोंगटीला हात घालण्यापूर्वीच करावी लागते, नंतर हक्क जातो. स्पर्धेच्या नियमांत वेगळे नसल्यास नोंदपत्रिकेवर सही केल्यावरही अपील करता येते. नवख्या मुलांना हे अवश्य सांगावे. नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुख यांची जानेवारी २०२४ मधील तक्रार वेगळी होती. टाटा स्टील स्पर्धेतील प्रेक्षक डावाऐवजी कपडे, केस नि उच्चार यांवर बोलतात, हे दुःख पटावरच्या नियमांत बसत नाही. ते त्यांनी जाहीरपणे मांडले, आणि ते योग्यच होते.