पाळी सुटली की तुळजापूर

गिअरच्या सायकली घेतलेली सोलापूरची पोरं हल्ली रविवारी पहाटे तुळजापूरला जाऊन येतात. माझ्या दुकानात चेन साफ करायला, ब्रेक लावून घ्यायला येतात तेव्हा मलाही बरं वाटतं. पण त्यातला एखादा "काका, सोलापुरात आता कुठं सायकलिंग सुरू झालंय" असं म्हणाला की हातातला पाना खाली ठेवावा लागतो. त्याच घाटात त्याच्या आज्यानं सायकल नेलेली असते. फरक इतकाच, की आजा रातपाळी करून निघायचा.

सोलापूरला रेल्वे आली १८६० साली आणि १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. शतक पालटता पालटता नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी आल्या, पुढं विष्णू आणि जाम. गाव भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. पहिल्या पिढीचे कामगार चाळीतून चालतच मिलला जात. सायकल होती ती साहेबाची, डॉक्टरची, वकिलाची: रॅले, हंबर, बीएसए, सगळ्या विलायतेहून आलेल्या. कामगाराच्या दारात ती लागली ती देशात कारखाने निघाल्यावर. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलास १९५१ मध्ये, लुधियान्याला हीरो १९५६ मध्ये. आमचं दुकान त्याच काळातलं. वडील मिलच्या साळखात्यात बदली होते. बदली म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर काम, नाहीतर घरी. रोजच्या त्या उभं राहण्याला कंटाळून त्यांनी पूर्व भागात एक गाळा घेतला आणि भाड्याच्या सायकली ठेवल्या.

त्या काळचं सायकल दुकान आजच्या पोरांना सांगूनही कळायचं नाही. भिंतीला उलट्या टांगलेल्या रीमा, दारात पंप, पाण्याचं घमेलं, आणि खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली वही. वहीत नाव, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ. मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला असे, म्हणजे गावात कुठंही दिसली तरी सायकल कुणाची ते कळे. पोरांसाठी हाफ सायकली वेगळ्या. त्या मिळाल्या नाहीत तर नळीच्या खालून पाय घालून मोठी सायकल चालवायची, एका बाजूला कललेल्या अंगानं. सोलापूरचा निम्मा पुरुषवर्ग असाच शिकला. बायका फार उशिरा शिकल्या आणि त्याला सायकलीची नळी हे एकच कारण नव्हतं.

सायकलीवर काय काय जायचं! पूर्व भागातल्या मागांवर रंगवलेलं सूत कॅरिअरवरून यायचं, तयार चादरींचे गठ्ठे कॅरिअरवरूनच जायचे. आसपासच्या गावांतून दूधवाले दोन्ही अंगाला किटल्या बांधून येत. गुरुवारी अक्कलकोट, एकादशीला पंढरपूर; पण हे दोन्ही रस्ते तसे सपाट, त्यांचं कौतुक कुणी करत नसे. कौतुक तुळजापूरचं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आणि तुळजापूर बालाघाटाच्या माथ्यावर, त्याच्याहून दोनेकशे मीटर उंच. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. हिप्परग्याच्या तलावापर्यंत गप्पा मारत जाता येतं. हा एकरुखचा तलाव इंग्रजांनी १८७१ च्या सुमारास पुरा केला. पुढं उळे, तामलवाडी, माळुंब्रा असा रस्ता हळूहळू अंगावर येत जातो, आणि खरा घाट शेवटी, पाय दमल्यावर.

आता सायकल कशी होती ते ऐका. वजन वीस किलोच्या घरात. पुढं ४४ किंवा ४८ दाते, मागं १८ ते २०, आणि एवढाच काय तो गिअर. म्हणजे पायडलाचा एक फेरा मारला की मागचं चाक अडीच वेळा फिरणार, रस्ता सपाट असो की उभा. आजच्या सायकलीला चढावर हे प्रमाण एकास एकपर्यंत उतरवता येतं, म्हणून बसून चढता येतं. जुन्या सायकलीवर सीटवरून उठून, अंगाचा सगळा भार पायडलावर टाकून चढायचं, आणि घाटाच्या मधल्या वळणावर निमूट उतरून ढकलायचं. ढकलण्यात कमीपणा नव्हता. देवीला जाताना थोडं पायी गेलेलं बरंच, असं म्हणून लोक वेळ साजरी करत. खरी कसोटी उतरताना लागे. रॉड ब्रेकचे रबर रीमला आतून घासतात. रीम ओली असली की नुसते घसरतात. म्हणून घाटाआधी वडील गिऱ्हाइकाला विचारत, "पावसाचं जाताय का?" होय म्हटलं की रबर नवे घालायचे, मागचा कोन आवळायचा, चाकाचा आऊट काढायचा. कोजागिरीच्या आधी आठवडाभर आमच्याकडं हेच काम. छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचं, पोराटोरांनी फिरवून बघायचं. हँडलला फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ही शिदोरी दोन दिवस विटत नाही, सोलापूरकरांना हे सांगायला नको.

हा रस्ता एकेकाळी परदेशात जायचा, हे मात्र नवीन पोरांना खरंच माहीत नसतं. १९४८ पर्यंत उळ्याच्या पुढं निजामाचं राज्य. सोलापूर मुंबई इलाख्यात, आई तुळजाभवानी हैदराबाद संस्थानात. सरहद्दीवर करोडगिरीची नाकी, मालावर जकात, आणि नाणंसुद्धा वेगळं. इकडचा कलदार रुपया, तिकडचा हाली. ६ कलदारांना ७ हाली असा साधारण भाव. देवीपुढं टाकायचे पैसेही बदलून घ्यावे लागत. रझाकारांच्या दिवसांत याच रस्त्यानं माणसं पोराबाळांसह सोलापुरात आली, आणि १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापुराकडूनच भारतीय सैन्य नळदुर्ग आणि तुळजापूरकडं सरकलं. आज तामलवाडीला टोलनाका आहे. सायकलीला टोल नाही.

देवस्थानापाशी घाटशीळ आहे. रामाला देवीनं वाट दाखवली ती या शिळेवरून, म्हणून ती रामवरदायिनी. वाट दाखवणारी देवी म्हटल्यावर वाटसरू आलेच. कोजागिरीला सोलापूर जिल्ह्यातून आणि कर्नाटकातून लोटच्या लोट पायी निघतात, त्या रात्री या रस्त्यावरची वाहनं दुसरीकडं वळवावी लागतात. घटस्थापनेला गावोगावची पोरं तुळजापूरहून भवानीची ज्योत पळत नेतात. आता सोबत टेम्पो असतो, स्पीकर असतो. माझ्या लहानपणी सोबत सायकल असे: कॅरिअरला तेलाचा डबा, आणि दमलेल्या पोराला डबलसीट घ्यायला एक गडी. स्पीकरबद्दल माझं मत मी इथं लिहीत नाही.

मुख्य रस्ता देवीमुळं जागता राहिला, पण आतल्या गावांचे रस्ते दुष्काळानं केले. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. पाझर तलाव आणि रस्ते ही त्या वेळची मुख्य कामं. बायका उन्हात बसून हातोड्यानं खडी फोडायच्या, मोजून ढीग लावायच्या आणि हप्त्याला मजुरी घ्यायच्या. पोरांना सुकडी मिळायची. इंग्रजांच्या काळातही, १८७६ च्या मोठ्या दुष्काळात, असेच रस्ते झाले होते. पोरं ज्याला "मस्त रूट" म्हणतात, येडशीच्या रामलिंगाकडचे, बालाघाटाच्या कुशीतले ते आडरस्ते कुणी फिरायला म्हणून बांधले नव्हते. त्या रस्त्यांमुळंच बहात्तरनंतर सायकल गावात पोचली आणि आमच्या दुकानात खेड्यातलं गिऱ्हाईक वाढलं. शहरातलं त्याच सुमारास मोपेडकडं वळायला लागलं होतं.

मग मिल एकेक बंद पडल्या. वहीतली नावं कमी होत गेली, नव्वदच्या दशकात आम्ही भाड्याच्या सायकली मोडीत काढल्या. आज दुकान दुरुस्तीवर चालतं. रविवारची पोरं महिन्यातून एकदा येतात. शनिवारी बाजाराला आलेले घाटाच्या वरच्या गावांतले बाप येतात ते मुलींच्या सायकली घेऊन. मराठवाड्यातल्या कित्येक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, शाळा पाच किलोमीटरच्या आत असली की. दप्तर, डबा आणि कधी मागं धाकटा भाऊ, एवढं घेऊन त्या रोज चढ-उतार करतात. बाप सांगतो, सीट खाली करा, चेनकव्हर घासतंय, मागं मजबूत कॅरिअर टाका. ब्रेकचे रबर मी न विचारता बदलतो.