लतीफसाहेबांचे पद

हवाई दलाचे आजवरचे एकमेव मुस्लिम प्रमुख, एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. त्यांचे नाव निघाले की आपण १९४७ चाच किस्सा सांगतो : हैदराबादच्या या तरुण अधिकाऱ्याने पाकिस्तानात न जाता भारत निवडला. खरेच आहे, पण निष्ठेच्या दाखल्यावर एवढे पद मिळत नसते. १९४२ साली ते अधिकारी झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. १९७८ मध्ये हृषीकेश मूळगावकरांकडून त्यांनी दलाची सूत्रे घेतली, जग्वार विमानांसाठी सरकारचे मन वळवले. १९८२ ते ८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. कोथरूडहून खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीकडे जाताना मुले विचारतात, "सर, आपल्यातला कुणी मोठा अफसर झाला का?" मी जग्वारपासून सुरुवात करतो.