अवकाश समर्थक संस्था व समानव मोहिमांचा वाद

अवकाश समन्वेषणाला लोकमताचा पाठिंबा मिळवून देणाऱ्या खाजगी संस्था अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात उदयास आल्या. अवकाशात माणूस पाठवावा की स्वयंचलित याने, या प्रश्नावर त्यांच्यात तीव्र मतभेद झाले व अनेक समर्थकांचा अपेक्षाभंग झाला.

अपोलो मोहिमा १९७२ मध्ये संपल्या. व्हेर्नर फोन ब्राउन (१९१२–७७) यांनी १९७४ मध्ये नॅशनल स्पेस इन्स्टिट्यूट स्थापन केली. पुढील वर्षी स्थापन झालेल्या एल-५ सोसायटीने जेरार्ड ओ’नील यांच्या अवकाश-वसाहतींच्या कल्पनेचा पुरस्कार केला. या दोन्ही संस्था १९८७ मध्ये एकत्र आल्या. त्यांची भिस्त स्पेस शटल या यानाच्या स्वस्त व वारंवार होणाऱ्या उड्डाणांवर होती. परंतु १९८५ या सर्वांत गजबजलेल्या वर्षीही नऊच उड्डाणे झाली.

कार्ल सेगन (१९३४–९६), ब्रूस मरी व लुई फ्रीडमन यांनी १९८० मध्ये प्लॅनेटरी सोसायटी स्थापन केली. ग्रहसंशोधनाची पीछेहाट थांबविणे हा तिचा हेतू होता. १९७८ ते १९८९ या काळात अमेरिकेने एकही नवे ग्रहयान सोडले नाही; १९८६ मध्ये हॅलीच्या धूमकेतूकडे रशियन, जपानी व यूरोपीय याने गेली, अमेरिकेचे खास यान मात्र गेले नाही. असे असताना याच संस्थेने पुढे मंगळावरील समानव मोहिमेचा पुरस्कार केला. अवकाशस्थानक व समानव उड्डाणे विज्ञानाचा निधी गिळतात, अशी टीका जेम्स व्हॅन ॲलन (१९१४–२००६) यांनी १९८६ मध्ये केली.

त्याच वर्षी २८ जानेवारीस चॅलेंजर यान नष्ट होऊन सात जण मृत्युमुखी पडले. गुरूकडे जाणारे गॅलिलिओ हे मानवरहित यान शटलमधूनच सोडावयाचे असल्याने ते १९८९ पर्यंत रखडले. दीर्घ साठवण व वाहतुकीत वंगण गेल्यामुळे त्याचा मुख्य आकाशक (अँटेना) उघडला नाही, असे मानले जाते. उलट पक्षी, अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरील सु. ३८२ किग्रॅ. खडक व माती आणली, तर रशियाच्या तीन स्वयंचलित यानांनी मिळून सु. ०·३ किग्रॅ. नमुने आणले. हबल दूरदर्शकाची १९९३ मधील दुरुस्तीही अंतराळवीरांनीच केली. त्यामुळे वाद उपयुक्ततेपेक्षा अग्रक्रमाचा ठरतो.

भारतात विक्रम साराभाई (१९१९–७१) यांनी आरंभीच समानव उड्डाणांची स्पर्धा नाकारून लोकोपयोगी उपग्रहांना प्राधान्य दिले. नागपूर येथील प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र हे या धोरणाचेच फलित होय. उपग्रहांच्या प्रतिमांवरून भूमी, जल व वने यांचा अभ्यास तेथे होतो. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोव्हिएट यानातून अवकाशात गेले. शटलमधून इन्सॅट-१ सी या उपग्रहासमवेत जाण्यासाठी एन. सी. भट व पी. राधाकृष्णन यांची निवड झाली होती. चॅलेंजरच्या दुर्घटनेनंतर ते उड्डाण रद्द झाले आणि तो उपग्रह १९८८ मध्ये एरियान अग्निबाणाने, माणसाविना, सोडण्यात आला.

गगनयान या समानव कार्यक्रमाची घोषणा २०१८ मध्ये झाली. चंद्रयान-३ हे मानवरहित यान २०२३ मध्ये चंद्रावर उतरले आणि २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात राहून आले. दोन्ही मार्ग एकाच निधीतून चालवावयाचे असल्याने, कोणत्या कार्याला किती वाटा द्यावा, हा प्रश्न आता भारतापुढेही उभा आहे. अमेरिकेतील संस्थांनी तो दीर्घकाळ टाळला, हेच त्यांच्याविषयीच्या अपेक्षाभंगाचे मुख्य कारण होते.