जस्ताचा प्लेग : खेळण्यातल्या इंजिनांचा जीर्णोद्धार

१/१०
ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचे खेळण्यातले आगगाडीचे इंजिन मूळ खोक्यातून बाहेर निघते. रंग शाबूत, क्रमांक सुस्पष्ट, कुठे ओरखडाही नाही. पण चाकाला बोट लागताच त्याचा भुगा होतो. ते कधी पडले नव्हते, कोणी आपटले नव्हते. मग ते मोडले कशाने? उत्तर त्या काळच्या धातूत आहे.

२/१०
लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पट्ट्या आणि नटबोल्टांच्या जोडणीच्या खेळण्याचे पेटंट घेतले. त्याचेच पुढे ‘मेकॅनो’ झाले. १९२० मध्ये त्यांच्या कंपनीने चावीवर धावणाऱ्या पत्र्याच्या आगगाड्या बाजारात आणल्या. हॉर्नबी १९३६ मध्ये वारले. १९३८ मध्ये आलेली ‘हॉर्नबी डब्लो’ ही अवघ्या १६.५ मिलिमीटर रुळांची छोटी मालिका त्यांना पाहता आली नाही.

३/१०
इतक्या लहान आकारात पत्रा वाकवून बारकावे आणणे कठीण. त्यापेक्षा वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरला, तर एकेक रिव्हेटसुद्धा उमटतो. जस्ताचा मिश्रधातू त्यासाठी उत्तम ठरला. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते आणि तो ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, म्हणून साचेही दीर्घकाळ टिकतात. ब्रिटनमध्ये त्याला ‘मॅझॅक’ म्हणत. इंजिनांची चाके आणि अनेक भाग त्याचेच होते.

४/१०
या धातूचा वैरी म्हणजे शिसे. मिश्रधातूत ते अत्यल्प प्रमाणात शिरले तरी धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमांवर साठते. दमट, उबदार हवेत त्या सीमा आतून गंजू लागतात. भाग फुगतो, वाकतो, त्याला भेगा पडतात आणि अखेर तो ढासळतो. जर्मन भाषेत याला ‘त्सिंकपेस्ट’ म्हणतात, अर्थात जस्ताचा प्लेग.

५/१०
दुर्दैव असे, की उपाय तेव्हाही ज्ञात होता. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्येच ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारलेले मिश्रधातू विकसित केले होते. आजच्या मानकांत शिशाची मर्यादा ०.००५ टक्के, म्हणजे लाखात पाच भाग, इतकी कडक आहे. अशुद्ध जस्त किंवा भंगाराचा एखादा तुकडा भट्टीत गेला, की ही मर्यादा सहज ओलांडली जाई. त्यामुळेच एकाच कारखान्यातले एक इंजिन आज ठणठणीत असते आणि दुसऱ्याची माती झालेली असते.

६/१०
म्हणून दुरुस्तीचा आरंभ हत्यारांनी होत नाही, निरीक्षणाने होतो. चाक फुगले आहे का? सांगाडा वाकला आहे का? पृष्ठभागावर केसासारख्या भेगा दिसतात का? अशा भागावर जोर लावला तर तो हातातच फुटतो. या रोगावर औषध नाही. कोरड्या, थंड आणि स्थिर तापमानाच्या जागी ठेवून त्याची गती तेवढी मंदावता येते.

७/१०
इतर व्याधी मात्र बऱ्या होतात. घट्ट झालेले जुने तेल धुऊन काढता येते, झिजलेले कार्बन ब्रश बदलता येतात. डब्लोच्या जुन्या मोटारींतील नालाकृती चुंबक काळाच्या ओघात क्षीण होतो. मग मोटार जास्त वीज घेते, तापते, पण डबे ओढत नाही. अशा वेळी चुंबकात पुन्हा चुंबकत्व भरावे लागते.

८/१०
रोगट चाकांच्या जागी निर्दोष धातूची नवी चाके बसवता येतात. पण ती नुसती आसावर ठोकून चालत नाही. खऱ्या वाफेच्या इंजिनांत सहसा असते तसे, डाव्या आणि उजव्या चाकांवरील दांड्यांच्या खुंट्यांत ९० अंशांचा फरक राखावा लागतो. एक जोडी जराशी चुकली, तरी दांडे अडकतात आणि इंजिन लंगडते.

९/१०
खरा पेच यापुढे आहे. नवी चाके बसवली की इंजिन धावते, पण त्यातला मूळ धातू तेवढा कमी होतो. नवा रंग दिला की ते चमकते, पण कारखान्यात चढवलेला रंग आणि एखाद्या मुलाच्या बोटांनी झिजवलेली कड दोन्ही कायमची पुसली जातात. म्हणून जाणते कारागीर मूळ रंगाला हात लावत नाहीत, काढलेले भाग चिठ्ठी लावून जपतात आणि नव्या भागावर आतून खूण करतात.

१०/१०
दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलचा तो कारखाना युद्धसामग्रीकडे वळला. परिणामी युद्धपूर्व डब्लोच्या वाट्याला मोजकीच वर्षे आली आणि त्यातले जे ढासळले ते पुन्हा मूळ रूपात घडणे नाही. आपल्या गडकोटांच्या जीर्णोद्धारातही हाच प्रश्न उभा राहतो : चुन्याच्या जागी सिमेंट भरून भिंत उभी राहते, पण ती कोणत्या काळाची उरते? जुने काय आणि नवे काय, हे पुढच्या पिढीला वेगळे ओळखता आले पाहिजे. तळहातावर मावणाऱ्या इंजिनालाही हा नियम तितकाच लागू आहे.